वाड्यावरच्या राखणीच्या कुत्र्यांना नेमकं काय खायला घालावं?

माणदेशी

नमस्कार मंडळी. आमचं गाव माण तालुक्यात. मी नोकरीला पुण्यात असतो, पण थोरला भाऊ आणि वहिनी अजून मेंढरं राखतात. दिवाळी झाली की वाडा, म्हणजे मेंढपाळांचा फिरता तळ, कोकणात उतरतो आणि पावसाच्या तोंडावर परत माळावर येतो. वाड्यावर चार कुत्री आहेत. दिवसभर कळपाबरोबर चालायचं आणि रात्री वाघरीभोवती, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीभोवती, जागायचं, हे त्यांचं काम. आमच्याकडे लांडगा अजून आहे, त्यामुळे कुत्रं हुशार आणि धडधाकट असेल तरच माणसाला झोप लागते.

खाणं म्हणाल तर दोन वेळ ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी, ताकात नाहीतर दुधात कुस्करून. कधी उरलेलं कालवण. एखादं मेंढरू दगावलं किंवा जत्रेला कापलं, तर आतली काळीज-आतडी. शेतात मेंढरं बसवली की शेतकरी धान्य देतात, त्यामुळे भाकरीला तोटा नाही. बाकी जे काही घालायचं ते विकत आणावं लागतं.

यंदा दोन कुत्र्यांचा केस रखरखीत झालाय. डोळ्यांच्या कडेला आणि ओठांवर खपल्या धरल्यात, पायांचे तळवे फुटलेत. एक कुत्री घाट चढताना मागे पडायला लागली आहे, वय फार नाही तिचं. शहरातल्या एका दुकानात विचारलं तर ते म्हणाले, भाकरी म्हणजे कुत्र्याला विष, ग्रेन-फ्री, म्हणजे बिनधान्याचं खाद्यच घाला. भाऊ म्हणतो, आज्या-पणज्यापासून आपली कुत्री भाकरीवरच जगली. मला दोघांचंही पटत नाही. वाडा खाली उतरायच्या आत काहीतरी ठरवायचं आहे. जाणकारांनी मनापासून सांगावं.

जनावरांचा_डॉक्टर

माणदेशी, आधी भाकरीवरचा आरोप काढून टाकू. २०१३ साली 'नेचर'मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांचा एक निबंध आला. पिष्ट पचवणारं अमायलेज ज्या जनुकामुळे बनतं, त्याच्या लांडग्याकडे दोनच प्रती असतात, कुत्र्याकडे त्याच्या कितीतरी पट. हजारो वर्षं माणसाच्या शेतीशेजारी राहून कुत्रा धान्य पचवायला शिकलेला प्राणी आहे. नीट भाजलेली भाकरी, शिजलेला भात त्याला चांगला पचतो. ग्रेन-फ्रीचं म्हणाल तर अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध खात्याने, २०१८ मध्ये अशाच खाद्यांची चौकशी सुरू केली. धान्याऐवजी वाटाणा आणि मसूर भरपूर घातलेलं खाद्य खाणाऱ्या काही कुत्र्यांत हृदय फुगून स्नायू कमजोर होण्याचा आजार आढळत होता. नेमकं कारण अजून सिद्ध झालेलं नाही, पण धान्य काढलं म्हणजे खाद्य उत्तम झालं, असं कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

आता तुमच्या भावाचं. कुत्री भाकरीवर जगतात हे खरं, पण जगणं वेगळं आणि दिवसभर चालून रात्री राखण करणं वेगळं. जरा हिशेब मांडतो.

२० किलोच्या कुत्र्याला नुसतं पडून राहायला दिवसाला साधारण ६६० किलोकॅलरी लागतात. कळपाबरोबर दिवसभर चालणाऱ्याला त्याच्या दोन ते तीन पट. १,६०० धरा. साधारण ८० ग्रॅम पिठाची मध्यम भाकरी २७०-२८० किलोकॅलरी देते, म्हणजे सहा भाकऱ्यांत पोट भरलं. पण त्या सहा भाकऱ्यांत प्रथिनं मिळाली जेमतेम ४८ ग्रॅम, स्निग्धांश ९-१० ग्रॅम. घरात बसणाऱ्या साध्या कुत्र्यासाठी जे किमान प्रमाण धरतात, त्या हिशेबानेसुद्धा १,६०० किलोकॅलरीमागे ७२ ग्रॅम प्रथिनं आणि २२ ग्रॅम स्निग्धांश हवा. शिवाय ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन हा गरजेचा घटक कमी असतो, त्यामुळे ती आहेत तेवढीही पुरती कामी येत नाहीत.

कॅल्शियमची तूट तर याहून मोठी. लागतं दिवसाला २ ग्रॅमच्या आसपास, आणि सहा भाकऱ्यांतून मिळतं सव्वाशे मिलिग्रॅम. दूध-ताक भरपूर मिळत असेल तर थोडं भागतं, पण मेंढरं आटल्यावर काय?

खपल्या आणि तळव्यांच्या भेगांबद्दल: न बघता निदान करणार नाही, खरूज आणि बुरशी आधी तपासायला हवी. पण डोळ्यांभोवती, ओठांवर आणि तळव्यांवर एकाच वेळी त्रास असेल तर जस्ताची कमतरता माझ्या मनात पहिली येते. धान्यात फायटेट असतं, ते जस्ताला धरून ठेवतं आणि आतड्यात शोषू देत नाही. नुसत्या भाकरीवरच्या कुत्र्यांत हे पुष्कळ बघितलं आहे. जस्ताच्या गोळ्या मात्र मनाने देऊ नका, जास्त झाल्या तर विषबाधा होते.

भाकरी ठेवा, अर्धी करा, आणि उरलेली अर्धी जागा मांस, अंडी आणि तेलाने भरा.

खडकवासला

डॉक्टरसाहेब, मी माझ्या जर्मन शेफर्डला कच्चं मांस आणि हाडं देतो, धान्य अजिबात नाही. केस चमकतात, दात पांढरे आहेत. कामाच्या कुत्र्याला तर हेच जास्त योग्य नाही का?

जनावरांचा_डॉक्टर

तुमच्या घरी फ्रीज आहे, मांस माणसांच्या खाण्यासाठी तपासलेलं येतं आणि तुम्ही हाडं मोजून देत असाल. वाड्यावर यातलं काहीच नाही. उन्हात दुपारपर्यंत राहिलेल्या कच्च्या कोंबडीत साल्मोनेला हा रोगजंतू वाढतो आणि त्याच भांड्याशेजारी पोरं जेवत असतात. बिनहाडाच्या नुसत्या मांसातही कॅल्शियम जवळपास नसतंच, फॉस्फरस मात्र भरपूर. वाढत्या पिल्लाला असं खायला घातलं तर हाडं ठिसूळ होतात. शिजवूनच द्या.

कारवानी_प्रेमी

आमच्याकडे जत भागात कारवानी ही सडपातळ, वेगाने पळणारी जात आहे, म्हणून थोडं वेगळं सांगतो. कुत्रं कुठल्या जातीचं हे जेवढं महत्त्वाचं, त्याहून ते कशा प्रकारचं काम करतं हे खाण्यासाठी जास्त महत्त्वाचं.

वाड्यावरचं कुत्रं दिवसभर संथ चालतं. असल्या लांब पल्ल्याच्या कामाला शरीर चरबी जाळतं. याचं टोकाचं उदाहरण अलास्कातली स्लेज ओढणारी कुत्री. इडिटारोड ही शर्यत सुमारे १,६०० किलोमीटरची असते, आणि त्यात २०-२५ किलोचं कुत्रं दिवसाला १०,००० किलोकॅलरीपर्यंत खर्च करतं. एवढी ऊर्जा चरबीशिवाय पोटात मावणारच नाही. त्या कुत्र्यांवरच्या अभ्यासांत आणखी एक गोष्ट दिसली: ज्या गटाच्या खाण्यात प्रथिनं कमी होती, त्यांना हंगामात दुखापती जास्त झाल्या. भरपूर चालणाऱ्याचे स्नायू रोज झिजतात, ते भरून निघायला हवेत.

कारवानी आणि मुधोळची गोष्ट उलटी. ही कुत्री एक-दोन मिनिटं जीव खाऊन पळतात आणि थांबतात. तेवढ्या वेळात स्नायूतली साठवलेली साखर वापरली जाते, आणि ती साठते पिष्टमय खाण्यातून. म्हणून आमच्या कुत्र्यांना ज्वारी-बाजरी आणि भात मानवतो. स्लेज कुत्र्यांचं वाचून आमच्या एका मित्राने कारवानीला वाडगाभर चरबी घालायला सुरुवात केली, तर कुत्र्याला आठवडाभर जुलाब आणि अंगात सुस्ती.

आणि कृपा करून कारवानीच्या बरगड्या दिसतात म्हणून त्याला उपाशी ठरवू नका. शेवटच्या दोन-तीन बरगड्या आणि कमरेची हाडं दिसणं हे त्या जातीचं निरोगी रूप आहे. खाऊ घालून गुबगुबीत केलेला कारवानी बघितला की मला वाईट वाटतं.

(कुणी शिकारीचं विचारण्याआधीच लिहितो: १९७२ च्या वन्यजीव कायद्याने सशाचीही शिकार गुन्हा आहे. आमची कुत्री राखण करतात आणि माळावर पळायला सोडतो, एवढंच.)

माणदेशी

खूप मनापासून आभार. कामाच्या प्रकारावरून खाणं ठरवायचं, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. पण वाड्यावर कुकर नाही, फ्रीज नाही, तीन दगडांची चूल आहे. अर्धी जागा मांसाने भरायची म्हणजे नक्की काय आणि किती? बिऱ्हाड घोड्यावर असतं, गोण्या वाहता येत नाहीत.

रानजाई

माणदेशी दादा, मी लिहू का? माझं माहेर धनगराचं, वाडा फिरताना लहानाची मोठी झाले. आता रायगड जिल्ह्यात असते आणि दर हंगामात आमच्या माणसांचे वाडे इथे उतरलेले बघते.

बाजाराच्या गावाला कोंबडीच्या दुकानात माना, पाय, मुंड्या आणि कातडी स्वस्तात मिळते, आधी सांगून ठेवलं तर बाजूला काढून ठेवतात. नुसते पाय घेऊ नका. पायांत प्रथिनं दिसतात पुष्कळ, पण ती बहुतेक सगळी चिकट कातडी-कूर्चेची असतात, त्यांनी स्नायू भरत नाहीत. मान आणि कातडी मिसळून घ्या, म्हणजे मांसही जातं आणि चरबीही. मोठ्या पातेल्यात पाणी घालून मंद आचेवर दोन तास तरी राहू द्यायचं. मग मांस निपटून काढायचं आणि हाडं टाकून द्यायची. चुलीवर शिजलेलं हाड वरून मऊ वाटतं, पण चावलं की त्याच्या काटक्या होतात आणि आतड्यात रुततात. कुकर असेल आणि हाड बोटांनी चुरगळून पीठ होत असेल, तरच ते पोटात जाऊ द्यावं.

त्या पाण्यावर चरबीचा तवंग येतो तो अजिबात ओतू नका. त्याच पाण्यात भाकरी कुस्करा. कुत्री चाटूनपुसून खातात आणि पाणीही पोटात जातं.

अंडी सगळ्यात सोपी. उकडून द्या. टरफलं धुऊन तव्यावर कोरडी भाजा आणि पाट्यावर अगदी बारीक वाटा, पावडर बोटांना खरखरीत लागता कामा नये. एका टरफलातून साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम मिळतं, म्हणजे डॉक्टरांनी सांगितलेली रोजची गरज तिथेच भागली. मात्र हाडांचं पीठ पोटात जात असेल तर टरफल घालू नका, दोन्ही एकदम नको.

खाली कोकणात आलात की सुकट आणि जवळा मिळेल. मीठ फार असतं, म्हणून रात्रभर पाण्यात ठेवून दोन पाणी बदलायची. ताज्या मासळीची मुंडकी बंदरावर अगदी स्वस्त मिळतात, तीही उकडून, काटे काढून.

आणि आंबील! आमची आजी कुत्र्यांना भाकरीपेक्षा आंबील जास्त घालायची. पीठ ताकात रात्रभर आंबवलेलं असतं. डॉक्टर म्हणतात ते फायटेट आंबवल्याने कमी होतं, असं मी नंतर वाचलं. फक्त लसूण आणि मीठ पडायच्या आत कुत्र्यांचा वाटा बाजूला काढायचा.

जनावरांचा_डॉक्टर

रानजाई ताई, तुम्ही माझं निम्मं काम केलंत. आंबिलीचं अगदी बरोबर आहे.

प्रमाण सांगतो, २० किलोच्या चालणाऱ्या कुत्र्याला: तीन भाकऱ्या, निपटलेलं मांस-कातडी पाव किलोच्या वर, दोन अंडी, आणि एक मोठा चमचा तेल. यातून १,६०० ते १,७०० किलोकॅलरी होतात, प्रथिनं ८० ग्रॅमच्या पुढे जातात आणि चाळीस टक्क्यांच्या आसपास ऊर्जा स्निग्धांशातून येते. तेल करडईचं मिळालं तर उत्तम. त्यात लिनोलेइक आम्ल भरपूर असतं, आणि केसांची चमक त्यावर बरीच अवलंबून असते. आठवड्यातून एकदा थोडं शिजवलेलं काळीज द्या. रोज नको, 'अ' जीवनसत्त्व साठत जाऊन सांधे आखडतात.

हे सगळं एका दिवसात सुरू करू नका. आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवा, विशेषतः चरबी. कालवण मात्र बंद. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात. रोज थोडं थोडं पोटात गेलं तरी रक्त कमी होत राहतं आणि मालकाला ते कळतही नाही. घाटात मागे पडणाऱ्या कुत्रीच्या हिरड्या बघा. फिकट असतील तर रक्त तपासून घ्या, त्याची कारणं आणखीही असू शकतात: गोचीड-ताप, जंत.

आणखी एक, कारण कोकणात दमट हवा असते. बुरशी आलेली शिळी भाकरी किंवा भुईमुगाची खवट पेंड कुत्र्याला टाकायची सवय सगळीकडे आहे. त्या बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष कुत्र्याच्या यकृताला फार लवकर नासवतं, मेंढरापेक्षा कितीतरी लवकर. भाकरीवर हिरवा-काळा ठिपका दिसला की ती फेकायची.

निवृत्त_हँडलर

चांगला धागा आहे. पोलिसांच्या श्वान पथकात नोकरीची बरीच वर्षं गेली, त्या अनुभवातून काही लिहितो.

काय खायला घालता याइतकंच कधी घालता हेही महत्त्वाचं. आम्ही ड्युटीआधी कुत्र्याला भरपेट कधीच देत नसू. भरल्या पोटी पळालं की खोल छातीच्या कुत्र्यांत पोट फुगून पीळ बसतो, आणि काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर कुत्रा हातचा जातो. शिवाय अन्न पचताना शरीर आतून तापतं. उन्हात काम करणाऱ्या कुत्र्याला ती उष्णता झेपत नाही, कारण त्याच्याकडे घामाची सोय नाही, सगळं धापेवर चालतं. मुख्य जेवण काम संपवून, श्वास पूर्ण शांत झाल्यावर तासाभराने. सकाळी फार तर चतुर्थांश वाटा, निघायच्या दीड-दोन तास आधी. तुमच्या कुत्र्यांना रात्रीची राखण असते, म्हणून संध्याकाळचं जेवण वाघर लावायच्या बरंच आधी उरकलेलं बरं.

पाणी थोडं थोडं, पण वारंवार. माझ्या कामात याला फार किंमत होती, कारण जो कुत्रा धापा टाकतोय तो वास नीट घेऊ शकत नाही. तोंडाने हवा चालू असली की नाकाचं काम मागे पडतं. वास घेणाऱ्या कुत्र्यांच्या खाण्यावर अमेरिकेत ऑबर्न आणि कॉर्नेल विद्यापीठांनी मिळून अभ्यास केला होता. मक्याच्या तेलाने स्निग्धांश वाढवलेलं आणि प्रथिनं थोडी कमी केलेलं खाद्य घेणारी कुत्री कष्टानंतर लवकर थंड झाली आणि वास ओळखण्यातही सरस ठरली. म्हणजे पुन्हा तेच: ज्याचं काम जसं, तसं त्याचं ताट.

लॅब्राडॉरवाल्यांसाठी वेगळं सांगतो. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांच्या वेळी स्फोटकं शोधणारा झंजीर लॅब्राडॉरच होता, कामाला या जातीसारखी जात नाही. पण याच जातीत भूक न भागणारी कुत्री पुष्कळ असतात. केंब्रिजच्या संशोधकांना २०१६ मध्ये त्यामागचा जनुकातला बदल सापडला. साधारण चौथ्या हिश्शाच्या लॅब्राडॉरमध्ये तो असतो, आणि अपंगांच्या मदतीसाठी निवडलेल्या लॅब्राडॉरमध्ये तर तीन-चतुर्थांशांत आढळला. खाऊसाठी जीव टाकणारा कुत्रा शिकवायला सोपा जातो, म्हणून तोच निवडला जातो. अशा कुत्र्याच्या भुकेवरून वाटा ठरवायचा नसतो, वजनावरून ठरवायचा.

वजनकाटा नसेल तर हात वापरा. डोळे मिटून कुत्र्याच्या बरगड्यांवरून बोटं फिरवा. मग स्वतःची मूठ वळून तिच्या उंचवट्यांवरून फिरवा: इतकं टोचत असेल तर कुत्रा वाळलाय. हात उघडा पालथा ठेवून त्या हाताच्याच पाठीवरून बोटं फिरवा: हाडं सहज लागतात पण टोचत नाहीत, कामाचा कुत्रा असा हवा. तळहाताच्या गादीसारखं लागलं तर खाणं कमी करा. केसाळ कुत्र्यात नजर फसते, बोटं फसत नाहीत. दर पंधरा दिवसांनी बघायचं आणि त्याप्रमाणे अर्धी भाकरी वाढवायची किंवा कमी करायची.

सोलापूरकर

वाचनखूण साठवली. एक अडचण विचारतो. आमचे वडील माळकरी आहेत, घरात अंडंसुद्धा येत नाही. शेतावर राखणीला दोन गावठी कुत्री आहेत. त्यांचं काय करावं? वडिलांच्या मनाविरुद्ध काही करायचं नाही.

जनावरांचा_डॉक्टर

तुमच्या कुत्र्यांचं काम शेताच्या आवारातलं आहे, दिवसाला पंधरा-वीस किलोमीटर चालणं नाही, म्हणून हे जमण्यासारखं आहे. मांजर असतं तर नाही म्हटलं असतं. कुत्रा बऱ्याच गोष्टी शरीरात स्वतः बनवू शकतो.

भाकरीबरोबर घट्ट शिजवलेलं डाळीचं पिठलं द्या, हळदीचं चालेल, पण कांदा-लसूण-मिरची नको. ज्वारीत जे लायसिन कमी असतं ते डाळीत भरपूर असतं आणि डाळीत जे कमी ते ज्वारीत, म्हणून दोन्ही एकत्र. सोया वड्यांत निम्म्याहून जास्त प्रथिनं असतात. गरम पाण्यात भिजवून, पिळून रोज ५०-६० ग्रॅम कोरड्या वजनाच्या द्या. दही, ताक, घरचं तूप किंवा तेल. दूध द्यायचं तर थोडं, कारण मोठ्या कुत्र्यांना दुधातली साखर पुष्कळदा पचत नाही, दह्या-ताकाला तेवढा त्रास होत नाही. कॅल्शियम, जस्त, 'ड' आणि बी-१२ मात्र यातून पुरेसं मिळणार नाही, त्यासाठी कुत्र्यांसाठीची खनिज-जीवनसत्त्वांची पावडर डॉक्टरांना विचारून सुरू करा. द्राक्षं, मनुका आणि बेदाणे प्रसादाचे असले तरी कुत्र्याला नाहीत, मूत्रपिंडं निकामी होतात. तुमच्या भागात बेदाण्याची शेडं आहेत म्हणून मुद्दाम लिहिलं.

दूरदेशी

मी न्यूझीलंडमध्ये मेंढ्यांच्या भागात पशुवैद्यकीय दवाखान्यात काम करतो, मूळचा बारामतीकडचा. सगळी चर्चा वाचली, पण माणदेशींच्या पहिल्या पोस्टमधल्या एका वाक्यावर अजून कुणी पुरेसं बोललेलं नाही. 'मेंढरू दगावलं किंवा कापलं तर आतली काळीज-आतडी.' बाकी सगळं नंतर करा, हे आजपासून थांबवा.

मेंढरू कापल्यावर कधी कधी काळजावर किंवा फुप्फुसावर पांढुरके, पाण्याने भरलेले फोड दिसतात. माणसं ते खात नाहीत, घाण वाटते, म्हणून नेमकं तेच काढून कुत्र्यासमोर टाकलं जातं. त्या फोडात हायडॅटिड नावाच्या फीतकृमीची पिल्लं असतात, एकेका फोडात हजारो. कुत्र्याच्या आतड्यात ती मोठी होतात. किडा अगदी बारीक असतो, काही मिलिमीटरचा, विष्ठेत बघून कळत नाही. कुत्रा तर मुळीच आजारी दिसत नाही. सहा-सात आठवड्यांनी त्याच्या विष्ठेतून अंडी पडायला लागतात. ती गवतावर जातात, मेंढ्या चरतात, पुन्हा फोड. आणि ती कुत्र्याच्या केसांना चिकटतात. पोरं कुत्र्याच्या गळ्यात पडतात, त्याच हाताने भाकरी खातात. माणसाच्या पोटात अंडी गेली की तसेच फोड माणसाच्या यकृतात किंवा फुप्फुसात होतात. ते वर्षानुवर्षं वाढतात आणि दुखायला लागेपर्यंत नारळाएवढे झालेले असू शकतात. मग मोठी शस्त्रक्रिया.

मी हे इतकं लांबवून लिहितोय कारण हा रोग थांबवता येतो, हे मी जिथे राहतो तिथे झालेलं आहे. न्यूझीलंडमध्ये एकेकाळी मेंढपाळ कुटुंबांत हा रोग सर्रास होता. कुत्र्यांना कच्ची आतडी-काळीज घालायला कायद्याने बंदी केली, कुत्र्यांना जंताचं औषध सक्तीचं केलं, दशकानुदशकं नेटाने चालवलं, आणि २००२ मध्ये देश या रोगातून तात्पुरता मुक्त जाहीर झाला. आजही इथे नियम तोच आहे: मेंढीची आतली काळीज-फुप्फुसं द्यायची तर किमान अर्धा तास उकळूनच.

माझ्या मते भाकरीत काय मिसळायचं यापेक्षा हे दहापट महत्त्वाचं आहे.

माणदेशी

वाचून अंगावर काटा आला. ते पांढरे फोड मी स्वतः कितीतरी वेळा बघितलेत. आत्ताच भावाला फोन केला. तो म्हणाला, ते तर पाण्याचे फोड, सगळ्याच मेंढरांत असतात. म्हणजे रोग आहेच. आता सांगा, आधीच खाल्लेल्या कुत्र्यांचं काय करायचं? आणि मेंढरू अचानक रानात मेलं, उकळायला वेळ-लाकूड काही नसेल तर?

आणि वहिनीचा एक प्रश्न: मागे पडणारी कुत्री गाभण असावी असं तिला वाटतंय. तसं असेल तर खाणं बदलायचं का?

रानजाई

दादा, रानात मेलेल्यासाठी आम्ही खड्डा करायचो, कमरेएवढा तरी खोल, आणि वर दगड रचायचो. कुत्री उकरतात म्हणून दगड हवेतच. वाड्यावर एकाने हे काम अंगावर घेतलं की होतं. पोरांना कुत्र्यांशी खेळून आल्यावर हात धुवायची सवय लावा, पाणी लांबून आणावं लागलं तरी.

जनावरांचा_डॉक्टर

दूरदेशी, हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं.

माणदेशी, कुत्री गाभण असेल तर तिला आधी तपासून घ्या, थकवा त्याचाही असू शकतो. पहिले पाच आठवडे खाणं आहे तेवढंच पुरतं. शेवटच्या तीन-चार आठवड्यांत दीडपटीपर्यंत वाढवा, आणि तेही दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं, कारण पोटात जागा राहत नाही. खरी भूक पिल्लं झाल्यावर लागते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, पिल्लं जास्त असली तर, नेहमीच्या तिप्पट खाणं लागू शकतं. तेव्हा तिला कळपामागे नेऊ नका. कॅल्शियम गाभण असताना वरून वाढवू नका, त्याने व्यायल्यावर झटके येण्याचा धोका उलट वाढतो. टरफलाची पावडर रोजची आहे तेवढीच.

औषधाचं: प्राझिक्वांटेल हे या कृमीवरचं औषध. डोस वजनावर ठरतो, म्हणून चारही कुत्री तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात घेऊन जा, किंवा तिथल्या डॉक्टरांना वाड्यावर बोलवा. गाभण असल्याचं आधी सांगा. चौघांनाही एकाच दिवशी द्या, एकाला आज आणि दुसऱ्याला पुढच्या बाजाराला असं नको. औषध दिल्यावर दोन दिवस कुत्री बांधून ठेवा, कारण त्या दोन दिवसांच्या विष्ठेत अंडी भरपूर असतात आणि औषधाने अंडी मरत नाहीत. ती विष्ठा फावड्याने गोळा करून जाळा किंवा पाण्यापासून लांब खोल पुरा, हाताला पिशवी बांधून. मग दर सहा आठवड्यांनी हेच, कोकणातही. शेजारच्या वाड्यांनाही सांगा. त्यांची कुत्री तुमच्या मेंढरांत येतात-जातात, त्यांना औषध मिळालं नाही तर तुमच्या मेंढरांत फोड येतच राहतील.